ब्युनोस आयर्सचा बर्फ आणि एका चित्रकथेचे वाचक

९ जुलै २००७ या दिवशी अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये, बर्फ पडला. तो तिथला स्वातंत्र्यदिन, त्यामुळे सुट्टी होती आणि लोक घरीच होते. त्या शहरात याआधी असा बर्फ पडला होता १९१८ साली. मध्ये एकोणनव्वद वर्षं गेली होती. म्हणजे आपल्या दारात बर्फ पडलेला पाहणं म्हणजे काय, हे तिथल्या बहुतेकांना आपल्या पणजी-मडगांवच्या माणसाइतकंच ठाऊक होतं. पोरंसोरं रस्त्यावर नाचली, मोठी माणसं गच्चीवर गेली. आणि पुष्कळांना त्याच वेळी एक चित्रकथा आठवली. तिच्यात अशाच एका रात्री याच शहरावर बर्फ पडू लागतो, आणि ज्याच्या अंगावर त्याचा कण पडतो तो माणूस जागच्या जागी मरतो.

या चित्रकथेचं नाव ‘एल एतेर्नाउता’. नाउता म्हणजे नावाडी. अनंतकाळात भरकटलेला नावाडी, असं काहीसं मराठीत म्हणता येईल. लेखक एक्तोर हेर्मान ओस्तरहेल्ड, चित्रकार फ्रान्सिस्को सोलानो लोपेस. ४ सप्टेंबर १९५७ ला ती ‘ओरा सेरो’ या नियतकालिकाच्या साप्ताहिक पुरवणीत सुरू झाली आणि १९५९ च्या सप्टेंबरात संपली. साडेतीनशेच्या आसपास पानं. ओरा सेरो म्हणजे शून्य प्रहर. आपल्याकडच्या पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या माणसांना यातला ‘ओरा’ सांगावा लागणार नाही.

चित्रकथा हा प्रकार आपण फारसा मनावर घेत नाही. आमच्या घरी थोरल्या भावाने जमवलेला इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता. वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन. परीक्षा जवळ आली की आई तो माळ्यावर टाकायची. पुढं बी. ए. ला साहित्य विषय घेऊनही त्या गठ्ठ्याला कोणी साहित्य म्हणेल असं कधी वाटलं नाही. एतेर्नाउताचं इंग्रजी भाषांतर २०१५ साली अमेरिकेत निघालं. माझ्या एका मित्राच्या मुलाने ते आणलं होतं. हातात घेतलं तेव्हा तोच जुना समज डोक्यात होता. दोन रात्री जागून वाचलं, आणि मग त्याच्या वाचकांचा इतिहास शोधत बसलो. कारण मला कथेइतकाच तिच्या वाचकांचा प्रवास विलक्षण वाटला. सत्तरीच्या आसपास वर्षं एक देश एकच चित्रकथा वाचतो आहे आणि दर दहा-वीस वर्षांनी तिच्याबद्दलचं आपलं मत बदलतो आहे.

आधी कथा थोडक्यात सांगतो. रात्रीची वेळ. चित्रकथा लिहिणारा एक लेखक घरी एकटाच काम करत बसला आहे. समोरची खुर्ची करकरते आणि हवेतून एक माणूस तिच्यात प्रकट होतो. तो हुआन साल्वो. तो आपली हकिगत सांगू लागतो. ब्युनोस आयर्सला लागून असलेल्या वस्तीतलं त्याचं घर, माळ्यावर चार मित्र पत्ते कुटत बसलेले, खाली बायको एलेना आणि मुलगी मार्तिता. पत्त्यांचा खेळ त्रुको, ज्यात हातात काही नसतानाही असल्याचा आव आणायचा असतो. बाहेर अचानक शांतता पसरते. खिडकीतून पाहतात तर चमकणारा बर्फ, आणि रस्त्यावर जिथल्या तिथे आडवी झालेली माणसं. दारं-खिडक्या बंद होत्या म्हणून हे वाचले. एक मित्र, पोल्स्की, घरच्यांच्या काळजीनं न राहवून बाहेर धावतो आणि चार पावलांवर पडतो. मग उरलेले लोक घरातल्याच वस्तूंमधून अंग झाकणारा पोशाख शिवतात आणि एकेक करून बाहेर पडू लागतात. (चौघांतला लुकास हा बँकेतला नोकर. तो कथेत फार टिकत नाही. मी स्वतः कारकून असल्यामुळे हे मला जरा लागलं.)

पुढं कळतं की हे परग्रहावरचं आक्रमण आहे. मोठाले भुंगेरे चाल करून येतात. पण भुंगेरे स्वतःच्या बुद्धीनं लढत नाहीत, त्यांच्या मानेत एक यंत्र खुपसलेलं असतं. तेच यंत्र पकडलेल्या माणसांच्याही मानेत बसवतात. यंत्र चालवणारे ‘हात’ नावाचे जीव असतात, माणसासारखेच, पण अगणित बोटांचे. आणि हे हात तरी मालक असावेत, तर तेही नाहीत. त्यांच्या शरीरात भीतीची एक ग्रंथी बसवली आहे. मालकाविरुद्ध जायचा विचार करून भीती वाटली, की ती ग्रंथी विष सोडते. खरे मालक म्हणजे ‘ते’. त्यांना कोणीच पाहिलेलं नाही. वाचकालाही ते शेवटपर्यंत दिसत नाहीत.

पंचवीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. वरून आलं आहे, एवढंच प्रत्येकजण सांगतो. वर कोण, ते विचारायचं नसतं.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. यातला एक ‘हात’ मरायला टेकलेला आहे. मरता मरता तो त्या घरातली एक साधी कॉफीची किटली उचलतो आणि एखादं शिल्प पाहावं तशी तिच्याकडे पाहत राहतो. शत्रू मरतो आहे आणि आपल्याला वाईट वाटतं आहे! १९५७-५८ साली दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी निघणाऱ्या साप्ताहिकात हे छापून येत होतं.

ते पहिले वाचक म्हणजे बहुतेक शाळकरी मुलं. त्यांना कशाचं अप्रूप वाटलं? तिथले समीक्षक हुआन सास्तुराइन स्वतः त्याच पिढीचे. त्यांनी या विषयावरच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच उत्तर देऊन ठेवलं आहे: साहसाचा घरपत्ता. तोवर तिथल्या मुलांच्या साहसकथा अमेरिकेच्या रानात नाहीतर परक्या युद्धभूमीवर घडत. ओस्तरहेल्ड स्वतःही तशाच लिहीत होता. त्याचा ‘सार्जंट कर्क’ हा अमेरिकन सैन्यातला. एतेर्नाउतात पहिल्यांदाच लढाई मुलांच्या ओळखीच्या रस्त्यांवरून गेली. सैन्य रिव्हर प्लेट फुटबॉल क्लबच्या मैदानात तळ ठोकतं, संसदेसमोरच्या चौकात शत्रूचं ठाणं असतं. आपल्या दूधसागरच्या गाडीत किंवा म्हापशाच्या बाजारात भुंगेरे शिरले तर कसं वाटेल, तसं. शिवाय नायक कोणी महाबली नाही. हुआनचा एक लहानसा कारखाना आहे, फावाली हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, आणि सगळ्यात धीराचा निघतो तो फ्रांको, लेथवर काम करणारा कामगार.

त्या मुलांना त्यात राजकारण दिसलं असेल का? मला वाटतं, नाही. पण त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांसमोर काय होतं, ते बघा. १६ जून १९५५ ला नौदलाच्या विमानांनी राष्ट्राध्यक्ष पेरॉनला मारण्यासाठी भर दुपारी शहरातल्या मुख्य चौकावर बॉम्ब टाकले, त्यात तीनशेहून जास्त माणसं मेली. त्याच वर्षी सप्टेंबरात पेरॉनची सत्ता गेली. जून १९५६ मध्ये बंडाच्या संशयावरून काही लोकांना शहराबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन गोळ्या घातल्या. त्यावर रोदोल्फो वॉल्शचं प्रसिद्ध पुस्तक आलं तेही १९५७ सालीच. म्हणजे आकाशातून मरण येतं, हे त्या शहराला नवं नव्हतं. आणि तरी, ओस्तरहेल्ड त्या वेळी पेरॉनवादी नव्हता हेही तितकंच खरं. भूगर्भशास्त्र शिकलेला, मुलांसाठी विज्ञानाच्या गोष्टी लिहिणारा, बायको एल्सा आणि चार मुलींसह बागेच्या घरात राहणारा तो एक सुखवस्तू गृहस्थ होता. भावाबरोबर प्रकाशनसंस्था काढली होती, ती पुढं बुडाली.

दुसरे वाचक १९६९ चे. यांच्यापाशी मी जास्त रेंगाळणार आहे.

मधल्या दहा वर्षांत देशात लष्करी राजवट आली होती, आणि ओस्तरहेल्डही बदलला होता. ऑक्टोबर १९६७ मध्ये चे गव्हेरा मारला गेला आणि काही महिन्यांतच, १९६८ च्या सुरुवातीला, ओस्तरहेल्डने चेचं चरित्र चित्रकथेच्या रूपात आणलं. चित्रं आल्बेर्तो ब्रेचा आणि त्याचा मुलगा एन्रिके यांची. सरकारने ते पुस्तक बाजारातून गायब केलं. त्यानंतर ‘हेन्ते’ या साप्ताहिकानं एतेर्नाउता नव्याने मागितला. हेन्ते म्हणजे ‘लोक’, आपल्याकडचे जुने लोक ‘जेंत’ म्हणतात तोच शब्द. नटनट्या, फॅशन, क्रीडा, चालू घडामोडी असा त्याचा मसाला. लाखो घरांत जाणारं. त्यांना जुनी लोकप्रिय गोष्ट पुन्हा छापून खप वाढवायचा होता, दुसरं काय?

ओस्तरहेल्डने गोष्ट तीच ठेवली आणि एकच मोठी गोष्ट बदलली. पहिल्या आवृत्तीत आक्रमण सगळ्या जगावर आलं होतं. १९६९ च्या आवृत्तीत बड्या राष्ट्रांनी स्वतःला वाचवण्यासाठी दक्षिण अमेरिका परग्रहावरच्या शत्रूला देऊन टाकली आहे. ज्या महिन्यात, म्हणजे मे १९६९ मध्ये, हे छापायला सुरुवात झाली, त्याच महिन्यात कोर्दोबा शहरात कामगार आणि विद्यार्थ्यांचा मोठा उठाव झाला. चित्रं या वेळी ब्रेचाची. सोलानो लोपेसची माणसं साधी, घामेजलेली, शेजाऱ्यासारखी. ब्रेचाने कागदावर शाई ओतली, खरवडली, कागदाचे तुकडे चिकटवले, अर्धी चौकट नुसती काळी ठेवली. परग्रहावरचा जीव दिसतच नाही, काहीतरी ओलं, चिकट, हललेलं जाणवतं.

वाचकांची पत्रं येऊ लागली. हे काय आहे, काही कळत नाही, आमची जुनी गोष्ट कुठे आहे. प्रकाशकांनाही नकोसं झालंच होतं. लेखकाला गोष्ट लवकर आटपायला सांगितलं. संपादकांनी वाचकांची माफी मागितली आणि सप्टेंबर १९६९ मध्ये कथा गुंडाळली गेली.

आज सगळे समीक्षक या वाचकांना नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. दंतवैद्याकडे नंबर लावून बसलेला माणूस मासिक उघडतो, त्याला पोहायला येणारीचा फोटो, क्रिकेटच्या जागी फुटबॉलचा स्कोअर आणि मग मध्येच ही काळी पानं. त्याच्याशी कोणी आधी काही बोललेलंच नाही. जे त्याला मिळालं ते त्याने मागितलेलं नव्हतं, आणि तसं त्याने प्रामाणिकपणे कळवलं. वाचकाला न आवडण्याचा हक्क असतो. माझी तक्रार आहे ती माफी मागणाऱ्यांबद्दल. चित्रं समजत नाहीत, या सबबीआड मजकूर नको आहे हेही सोयीनं लपलं. वाचकांचा कौल म्हणून जे पुढं केलं जातं त्यात वाचकांचं किती आणि मालकाचं किती, हे ओळखणं अवघड असतं. हेच साप्ताहिक पुढं १९७६ नंतर लष्करी राजवटीचं गुणगान करण्यात आघाडीवर होतं आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात आपण जिंकतो आहोत असं मुखपृष्ठावर छापत होतं. तेव्हा मात्र त्यांनी वाचकांची माफी मागायची घाई केली नाही.

तिसरा वाचक खुद्द ओस्तरहेल्ड. सत्तरच्या दशकात जुना एतेर्नाउता पुस्तकरूपात निघाला तेव्हा त्यानं एक छोटी प्रस्तावना लिहिली. लहानपणापासून रॉबिन्सन क्रूसोचं आकर्षण होतं, इथं बेटाभोवती समुद्राऐवजी मरण ठेवलं, असं तो सांगतो. आणि पुढं म्हणतो की या कथेचा खरा नायक एक माणूस नाही, समूह आहे. आता गंमत अशी की हे त्यानं १९५७ साली ठरवून केलं नसावं. पंधरा-अठरा वर्षांनी स्वतःचंच लिखाण वाचताना त्याला ते दिसलं. तिथे आज हे मत इतकं रुजलं आहे की ते कथेतच लिहिलेलं आहे असं लोकांना वाटतं.

तोवर त्याच्या चारही मुली, एस्तेला, दियाना, बेआत्रिस आणि मारिना, मोन्तोनेरो या सशस्त्र डाव्या पेरॉनवादी संघटनेत गेल्या होत्या. त्यांच्यामागून बापही गेला. सहसा मुलं बापाच्या पक्षात जातात, इथं उलटं झालं. एल्साला हा मार्ग पटला नव्हता. २४ मार्च १९७६ ला लष्करानं सत्ता घेतली. ओस्तरहेल्ड भूमिगत झाला आणि लपूनछपून एतेर्नाउताचा दुसरा भाग लिहू लागला. चित्रं पुन्हा सोलानो लोपेसची. या भागातला हुआन साल्वो थंड आणि कठोर आहे, ध्येयासाठी सोबत्यांचा बळी द्यायला न कचरणारा. खुद्द चित्रकाराला हे रुचलं नव्हतं. पहिल्या भागाचे चाहतेही दुसऱ्याबद्दल बोलताना अडखळतात. ज्यानं मरणाऱ्या शत्रूच्या हातात किटली दिली, त्याच लेखणीतून हा नायक यावा याचं मला अजून नवल वाटतं. पण तो लिहिताना त्याच्या घरात काय चाललं होतं ते पाहिलं की नवल ओसरतं.

जून १९७६ मध्ये बेआत्रिसला पळवून नेलं. तिचा मृतदेह आईला मिळाला. चौघींत तो एकटीचाच मिळाला. मग दियाना, ती गरोदर होती. एप्रिल १९७७ मध्ये खुद्द ओस्तरहेल्डला उचललं. त्यानंतरही ‘स्कॉर्पियो’ मासिकात दुसरा भाग छापून येतच होता. १९७७ च्या अखेरीस मारिना, तीही गरोदर, आणि एस्तेला. तीन जावईही त्यातच गेले. एस्तेलाचा तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा मार्तिन याला सैनिकांनी गुप्त छावणीत आजोबांसमोर नेलं, आणि आजोबांनी सांगितलेल्या पत्त्यावर तो आजीकडे पोचता झाला. दियानाचा मुलगा फेर्नांदो त्याच्या वडिलांच्या आईवडिलांकडे वाढला. ओस्तरहेल्ड १९७८ मध्ये मारला गेला असं मानतात. त्याचं शरीर मिळालेलं नाही. मारिना आणि दियानाच्या पोटातल्या मुलांचा शोध लागलेला नाही. एल्सा पुढं नातवंडं शोधणाऱ्या आज्यांच्या संघटनेत काम करू लागली, आणि २०१५ साली वारली.

यानंतर एतेर्नाउता वाचणारा कोणीही तो १९५७ चा म्हणून वाचू शकला नाही. लष्करी राजवट १९८३ मध्ये गेली, आणि वाचक म्हणू लागले की बर्फ म्हणजे हुकूमशाही, भुंगेरे म्हणजे सैनिक, ‘हात’ म्हणजे अधिकारी, आणि ‘ते’ म्हणजे ज्यांची नावं कधीच कळणार नाहीत असे लोक. तारखा पाहिल्या तर हे चूक आहे. १९५७ च्या लेखकाला १९७६ दिसणं शक्य नाही. मी सुरुवातीला या वाचनावर जरा नाकच मुरडलं होतं. मग कथेचा शेवट पुन्हा वाचला. हुआनची हकिगत संपते तेव्हा लेखकाच्या लक्षात येतं की हा सांगतो ते आक्रमण १९६३ मधलं आहे, आणि आत्ता तर १९५९ चालू आहे. म्हणजे हे अजून व्हायचं आहे. हुआन आपल्या घराकडे धावतो, बायको-मुलीला भेटतो आणि सगळं विसरतो. लेखक एकटाच उरतो. हे छापलं तर टळेल का, या विचारात. आता वाचकानं यात भविष्य पाहिलं तर दोष कोणाला द्यायचा? कथेनंच त्याला तसं बसवून ठेवलं आहे.

नंतर राजकारण्यांनीही आपापला एतेर्नाउता वाचला. २०१० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष नेस्तोर किर्चनेर यांच्या समर्थकांनी त्यांनाच तो पोशाख चढवून भिंतीभिंतींवर रंगवलं. उलट २०१२ मध्ये शहराचे प्रमुख आणि पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले माउरिसिओ माक्री यांनी एतेर्नाउता शाळांत येऊ देणार नाही असं जाहीर केलं. एकाची पूजा आणि दुसऱ्याची बंदी, दोघांनीही पुस्तक किती वाचलं होतं देव जाणे. समूह हा नायक म्हणणाऱ्या लेखकाचा पोशाख एकाच पुढाऱ्याच्या अंगावर घालणं मला तर माक्रींच्या बंदीपेक्षाही विनोदी वाटतं.

३० एप्रिल २०२५ ला नेटफ्लिक्सवर सहा भागांची मालिका आली. रिकार्दो दारिन हा हुआन साल्वो. काळ आजचा, आणि हुआन फॉकलंड युद्धातून परतलेला शिपाई. जुन्या वाचकांत काहींना हे आवडलं, काहींना नाही, नेहमीप्रमाणे. आजीच्या हाती सुखरूप पोचलेला तो नातू मार्तिन या मालिकेच्या कामात सल्लागार होता. ब्युनोस आयर्सच्या भिंतींवर मालिकेच्या जाहिराती लागल्या, तेव्हा मानवी हक्क संघटनांनी त्यांच्या बाजूला ओस्तरहेल्डच्या मुलींच्या शोधाची पत्रकं लावली. न सापडलेली नातवंडं जिवंत असतील तर आता माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असतील. कदाचित त्यांनीही ही मालिका पाहिली असेल, आपण कोणाचे ते न कळता.

वाचकांनी नाकारलेला १९६९ चा एतेर्नाउताही आता स्वतंत्र पुस्तक म्हणून मिळतो. इंग्रजीतही २०२० मध्ये आला. मित्राच्या मुलाकडे तोही आहे. त्यात काही दुरुस्त केलेलं नाही. निम्म्यानंतर चित्रं कमी होत जातात, मजकूर दाटत जातो, जिथं पूर्वी एका लढाईला दहा पानं लागायची तिथं चार ओळींत ती उरकते. गाडी सुटायच्या आत माणसानं जेवण उरकावं तशी. ब्रेचाचा काळा रंग मात्र शेवटच्या चौकटीपर्यंत तसाच आहे.